दुसऱ्याच्या ओळीत हात घालताना

मार्च २०२४च्या अखेरीस डेबियन या संगणकप्रणालीच्या भांडारात एका लहानशा पॅकेजची नवी आवृत्ती दाखल झाली. तिचा क्रमांक होता ५.६.१+रिअली५.४.५-१. मधला ‘रिअली’ म्हणजे रोजच्या इंग्रजीतला तोच शब्द. पाटी ५.६.१ची, आतला माल खरोखर ५.४.५चा. सातबाराच्या उताऱ्यावर अशी नोंद दिसली असती, तर आपण तलाठ्याकडे संशयाने पाहिले असते. इथे मात्र लबाडी दुसऱ्याच कुणाची होती आणि हा क्रमांक म्हणजे ती उघडकीला आल्यावर घाईघाईने, पण सर्वांसमक्ष केलेली दुरुस्ती होती.

ज्या कामातून असे क्रमांक जन्माला येतात, त्या कामाची ओळख करून देण्याचा हा प्रयत्न आहे. काम संगणकाचे असले तरी त्यातला पेच साहित्याच्या वाचकाला परका वाटू नये, कारण तो संपादकाचा पेच आहे. दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुरात आपण कधी, किती आणि कोणत्या अधिकाराने हात घालायचा?

आधी थोडी पार्श्वभूमी. ‘लिनक्स’ हे नाव आपण सैलपणे वापरतो. नेमके बोलायचे तर लिनक्स हा फक्त गाभा. प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांची वाटणी करणे हे त्याचे काम. मजकूर लिहिण्याचे, चित्रे पाहण्याचे, फाइली दाबून लहान करण्याचे, दूरच्या संगणकात शिरण्याचे प्रोग्रॅम वेगळे असतात आणि ते जगभर विखुरलेल्या, एकमेकांची तोंडेही न पाहिलेल्या लोकांनी लिहिलेले असतात. हे सारे गोळा करून, एकमेकांशी जुळवून वापरणाऱ्याच्या हाती एकसंध वस्तू देणाऱ्या उपक्रमाला डिस्ट्रिब्यूशन म्हणतात. डेबियन हे त्यांतले एक जुने नाव. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात शिकणाऱ्या इयन मर्डॉकने १६ ऑगस्ट १९९३ रोजी त्याची घोषणा केली आणि डेब्रा या तेव्हाच्या मैत्रिणीचे व स्वतःचे नाव जोडून हे नाव बनवले. डेबियनमागे कंपनी नाही. सुमारे हजारभर सभासद आणि त्यांच्याभोवतीचे इतर स्वयंसेवक ते चालवतात. ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीत सुमारे ७० हजार पॅकेजे आहेत. ज्यांनी डेबियनचे नावही ऐकलेले नाही, असे असंख्य लोक उबुंटूमार्गे किंवा कुठल्या तरी वेबसाइटच्या सर्व्हरमार्गे रोज त्याचा वापर करत असतात.

प्रत्येक पॅकेजला एक मेंटेनर असतो किंवा मेंटेनरांचा गट. मराठीत काय म्हणावे? ‘देखभाल करणारा’ म्हटले की लिफ्टचा मेकॅनिक डोळ्यांपुढे येतो, ‘पालक’ म्हटले की फार कौतुक होते. तेव्हा मेंटेनरच बरा. मूळ प्रोग्रॅम त्याने लिहिलेला नसतो. तो लिहिणाऱ्यांच्या बाजूला ‘अपस्ट्रीम’, म्हणजे नदीच्या वरच्या अंगाला, म्हणतात. वरून पाणी येते, आपण घाटावर उभे राहून ते गाळून खाली सोडायचे, अशी ही कल्पना.

मेंटेनर मूळ लेखकाने प्रसिद्ध केलेला सोर्स कोड आहे तसा, एका गठ्ठ्यात बांधलेला ठेवतो. त्याला हात लावायचा नाही हा पहिला नियम. त्याच्या शेजारी ‘डेबियन’ नावाचा एक फोल्डर तयार करायचा आणि स्वतःचे जे काही असेल ते त्यात ठेवायचे. त्यातल्या ‘कंट्रोल’ या फाइलमध्ये पॅकेजचे वर्णन आणि ते आणखी कोणकोणत्या पॅकेजांवर अवलंबून आहे याची यादी असते. ‘कॉपीराइट’मध्ये कोणती फाइल कुणाची आणि कोणत्या परवान्याखाली, हे लिहायचे. (हे काम सर्वांत कंटाळवाणे. नवे पॅकेज भांडारात घेण्यापूर्वी ही फाइल काटेकोरपणे तपासणारे वेगळे लोक असतात.) ‘चेंजलॉग’ ही रोजकीर्द. आणि ‘रूल्स’ या फाइलमध्ये पॅकेज कसे बांधायचे याच्या सूचना. ही ‘रूल्स’ फाइल लक्षात असू द्या, ती पुढे एका वेगळ्याच भूमिकेत येणार आहे.

मूळ कोडमध्ये काही बदल करावाच लागला, तर तो ‘पॅच’ म्हणून, अर्थात ठिगळ म्हणून, वेगळ्या फाइलीत ठेवायचा. ठिगळ कुणाचे, कशासाठी, मूळ लेखकाला कळवले की नाही, हे त्याच्या डोक्यावर लिहिण्याचा एक ठरावीक नमुना २००९मध्ये मांडला गेला. चिकित्सक आवृत्तीच्या पानाशी हे सारे फार जुळते. वर पाठ, खाली रेघ, रेघेखाली पाठभेद. वाचकाला हवे तर संपादकाचा हात बाजूला काढून मूळ पाहता आले पाहिजे.

या लेखाच्या शीर्षकातच एक उदाहरण आहे. ‘दुसऱ्याच्या’ यातला ‘ऱ्या’ पडद्यावर नीट उमटण्यासाठी तशी आकृती असलेला फॉन्ट लागतो. तो डेबियनमध्ये, समजा, ‘लोहित देवनागरी’च्या पॅकेजातून येतो. अक्षरे एकमेकांत बसवण्याचे काम ‘हार्फबझ’ करते, ते वेगळे पॅकेज. ज्या प्रोग्रॅममध्ये आपण लिहितो तो तिसरा. या तिघांचे लेखक वेगळे, मेंटेनर वेगळे, नव्या आवृत्त्या निघण्याचे दिवसही वेगळे. त्यांतला एक पुढे गेला आणि दुसरा मागे राहिला तर ‘ऱ्या’ची मोडतोड होऊ शकते. ती होत नाही तेव्हा कुणाच्या काही लक्षात येत नाही. या कामाचे यश असे, की ते दिसत नाही.

नवी आवृत्ती निघाली की मेंटेनर ती उतरवून घेतो, जुनी ठिगळे तिच्यावर बसतात का पाहतो, बांधतो, तपासतो, स्वतःच्या डिजिटल किल्लीने सही करतो आणि भांडारात पाठवतो. सहीला फार महत्त्व आहे. नव्या सभासदाची ओळख जुन्या सभासदाने समक्ष भेटून, ओळखपत्र पाहून पटवायची, अशी इथली प्रथा आहे. भांडारात आलेला कोड मग वेगवेगळ्या जातींच्या प्रोसेसरांसाठी बांधला जातो. तेराव्या आवृत्तीत अशा सात जाती आहेत. पॅकेज प्रथम ‘सिड’मध्ये येते. डेबियनच्या आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटातल्या पात्रांची नावे असतात आणि सिड हा त्यातला खेळणी मोडणारा पोरगा. तिथे साधारण दोन ते दहा दिवसांत गंभीर तक्रार आली नाही, तर पॅकेज ‘टेस्टिंग’मध्ये सरकते. दोनएक वर्षांनी टेस्टिंग गोठवतात, उरलेले गंभीर दोष काढतात आणि ‘स्टेबल’ म्हणून जाहीर करतात.

स्टेबलबद्दल नेहमी ऐकू येणारी तक्रार म्हणजे त्यातले सगळे जुने असते. तक्रार खरी आहे, पण जुने म्हणजे भोके पडलेले, हा निष्कर्ष खरा नाही. स्टेबलमधल्या प्रोग्रॅमात सुरक्षेचा दोष सापडला तर सहसा नवी आवृत्ती आणत नाहीत. नव्या आवृत्तीतून दोषाचे निवारण करणाऱ्या तेवढ्याच ओळी उचलून जुन्या आवृत्तीत बसवतात. बोलायला सोपे वाटते. पण मधल्या काळात मूळ लेखकाने सबंध प्रकरण नव्याने लिहिलेले असू शकते, मग त्या चार ओळींना जुन्या मजकुरात जागाच सापडत नाही. मूळ लेखक तर जुन्या आवृत्तीचा विषय काढला तरी वैतागतो. हे शिवणकाम मेंटेनर आणि सुरक्षा गट वर्षानुवर्षे करत राहतात आणि आवृत्तीच्या क्रमांकामागे एक छोटेसे शेपूट वाढत जाते, एवढीच त्याची खूण.

हे सगळे किती नाजूक आहे, ते २००६च्या एका ठिगळाने दाखवले.

ओपनएसएसएल हे कूटलेखनाचे, म्हणजे इंटरनेटवरचा मजकूर गुप्त राखण्याचे पॅकेज. गुप्त किल्ली बनवायला अंदाज बांधता येणार नाही अशी संख्या लागते. त्यासाठी हे पॅकेज ठिकठिकाणची अनिश्चितता गोळा करून एका रांजणात घुसळते. याच सुमारास प्रोग्रॅमांतल्या चुका शोधणाऱ्या ‘व्हालग्राइंड’ या साधनाने तक्रार सुरू केली, की इथे अजून काहीच न भरलेली मेमरी वाचली जात आहे. तपासनिसाच्या दृष्टीने तक्रार रास्त होती. ज्या भांड्यात काही ठेवलेलेच नाही, त्यात हात घालून काय काढणार? तक्रारीचा माग काढत डेबियनचा मेंटेनर दोन ओळींपाशी पोचला. त्या दिसायला अगदी सारख्या होत्या. त्याने त्या परस्पर काढल्या नाहीत. मूळ विकसकांना विचारले, आणि दोषशोधनाला मदत होत असेल तर काढायला हरकत नाही, अशा अर्थाचे उत्तर आले. सप्टेंबर २००६मध्ये त्या ओळी गेल्या आणि व्हालग्राइंड गप्प झाले.

त्या दोन ओळींपैकी एक खरोखरच निरुपद्रवी होती. दुसरी मात्र रांजणात अनिश्चितता ओतणारी ओळ होती. ती गेल्यावर रांजणात पडायला उरला फक्त चालू प्रक्रियेचा अनुक्रमांक, आणि त्याची कमाल ३२,७६८. म्हणजे विश्वाच्या वयातही मोजून संपू नयेत इतक्या शक्यतांच्या जागी, दिलेल्या प्रकारच्या किल्लीसाठी, जेमतेम ३२ हजार किल्ल्या. एखाद्या साध्या संगणकानेही त्या सगळ्या आधीच बनवून ठेवाव्यात. हा दोष एप्रिल २००७मध्ये निघालेल्या स्टेबल आवृत्तीत गेला, उबुंटूतही गेला. किल्ल्या बनत होत्या, कुलपे लागत होती, उघडत होती. लुसियानो बेलो या डेबियनच्याच सभासदाच्या ते लक्षात आले आणि १३ मे २००८ रोजी सूचना जाहीर झाली. वीस महिने गेले होते. मग कमकुवत किल्ल्यांच्या याद्यांचेच एक पॅकेज काढावे लागले, की बाबांनो, आपली किल्ली यात नाही ना ते पाहा. डीएसए प्रकारच्या किल्ल्यांचे तर असे, की चांगल्या यंत्रावर बनवलेली किल्ली या काळात बाधित यंत्रावर नुसती वापरली असली तरी ती बाद.

त्या मेंटेनरवर तेव्हा बरेच तोंडसुख घेतले गेले. मला ते अन्यायाचे वाटते. त्याने विचारले होते, बदल उघडपणे केला होता, हेतू चांगला होता. त्याची चूक पाठचिकित्सेच्या अभ्यासकांना चांगली ठाऊक असलेल्या जातीची आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम करताना सुकथनकरांनी जी तत्त्वे मानली, त्यांत एक असे होते, की दोन पाठांत जो कठीण, अडखळायला लावणारा, तो मूळचा असण्याचा संभव अधिक. सोपा पाठ बहुधा लेखनिकाने सुधारलेला असतो. नकलाकाराला एखादी ओळ विसंगत वाटते, तो ती सरळ करतो, आणि सरळ करताना तिच्यातले मर्म निसटते. शके १५०६मध्ये नाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती याच ‘सुधारणा’ दूर करण्यासाठी. पण निसटलेल्या मर्माची किंमत वाचकाला पुढे कधीतरी जाणवते. कूटलेखनातल्या ओळीचे मर्म निसटले, तर जगातली कुलपे निकामी होतात.

यातून काहींनी असा निष्कर्ष काढला, की मेंटेनरने मूळ कोडला हातच लावू नये, वरून आले ते जसेच्या तसे खाली सोडावे. तो निष्कर्ष सोळा वर्षांनी तपासला गेला.

‘एक्सझेड’ हे फाइली दाबून लहान करणारे पॅकेज. ते एक माणूस बरीच वर्षे, मोकळ्या वेळात, विनामोबदला सांभाळत होता. २०२१च्या अखेरीपासून ‘जिया तान’ हे नाव धारण केलेल्या कुणीतरी त्याला छोट्या, उपयुक्त दुरुस्त्या पाठवायला सुरुवात केली. २०२२मध्ये काही अनोळखी नावे उगवली आणि मूळ लेखकाला टोचू लागली: काम रेंगाळले आहे, दुसऱ्या कुणाला अधिकार द्या. त्याने आपली प्रकृती, मानसिक स्वास्थ्य यांच्या अडचणी मोकळेपणाने लिहिल्या आणि हा आपला बिनपैशाचा छंद आहे याची आठवण करून दिली. अखेर त्याने जिया तानला सहभागी करून घेतले. कोण घेणार नाही? थकलेल्या माणसाला दोन वर्षे निमूटपणे मदत करणारा मनुष्य भेटला तर तो देवासारखाच वाटतो. पुढे नव्या आवृत्त्या जाहीर करण्याचे कामही त्याच्याकडे गेले.

फेब्रुवारी २०२४मध्ये ५.६.० आली, मार्चमध्ये ५.६.१. त्यांत चोरदरवाजा होता. तो लपवण्याची रीत पाहण्यासारखी आहे. सर्वांना दिसणाऱ्या कोडमध्ये दरवाजाचे लाकूड तेवढे होते, तेही चाचणीसाठी ठेवलेल्या, मुद्दाम ‘बिघडलेल्या’ फाइलींत दडवलेले. बिघडलेली फाइल उघडून कोण वाचतो? ते लाकूड जोडणारी ओळ त्या कोडमध्ये नव्हतीच. ती फक्त प्रसिद्धीसाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होती, म्हणजे मेंटेनर जो आहे तसा ठेवतो, त्याच गठ्ठ्यात. शिवाय ती आधी पाहायची, की आपण खरोखर एखाद्या डिस्ट्रिब्यूशनसाठी बांधले जात आहोत का. त्यासाठी ती ज्या खुणा शोधायची, त्यांतली एक म्हणजे डेबियन फोल्डरमधली ‘रूल्स’ ही फाइल. मेंटेनरच्या कामाची खूण सापडली तरच चोर जागा होणार.

लक्ष्य होते ‘ओपनएसएसएच’, जगभरच्या सर्व्हरांत दुरून शिरण्याचे मुख्य दार. पण ओपनएसएसएच मुळात एक्सझेड वापरतच नाही. मग वाट कुठून मिळाली? डेबियन आणि आणखी काही डिस्ट्रिब्यूशनांनी, आपण सुरू झालो आहोत हे सिस्टिमडी या व्यवस्थापकाला कळवता यावे म्हणून ओपनएसएसएचला एक ठिगळ लावले होते. त्या ठिगळासाठी एक ग्रंथालय जोडले, त्या ग्रंथालयाने एक्सझेड ओढून आणले. एक निरोप पोचवायचा होता, त्यासाठी सबंध वऱ्हाड घरात आले आणि त्यात एक चोर होता. म्हणजे एकीकडे मेंटेनरने मूळ गठ्ठ्यावर विश्वास ठेवला म्हणून घात झाला, दुसरीकडे मूळ कोडला हात लावला म्हणून.

मार्चच्या अखेरीस डेबियनकडेही एका नव्याच नावाने आग्रह आला, की ५.६.१ लवकर घ्या. नवी आवृत्ती मागणाऱ्याचा संशय कुणाला येणार? अशा विनंत्या रोज येत असतात.

हे उघडकीला आले ते आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस विकसकामुळे. त्याच्या सिड असलेल्या यंत्रावर दूरस्थ प्रवेशाला अर्धा सेकंद जास्त लागू लागला. तो दुसरेच काही मोजत होता आणि या अर्ध्या सेकंदाने मोजमापात खोट येत होती. शोध घेताना त्याला आठवले, की काही आठवड्यांपूर्वी, पॅकेजे अद्ययावत केल्यानंतर, चाचण्यांत एक चमत्कारिक तक्रार आली होती. तक्रार करणारे साधन होते व्हालग्राइंड. अठरा वर्षांपूर्वी ज्याला गप्प करताना डेबियनची कुलपे निकामी झाली, तेच. या वेळीही त्याला गप्प करण्याचा प्रयत्न झालाच होता. ५.६.१मधले काही बदल त्या तक्रारी उमटू नयेत यासाठी केलेले होते. २९ मार्च रोजी फ्रॉइंडने सारे जाहीर केले. चोरदरवाजा सिड आणि टेस्टिंगपर्यंत पोचला होता, ‘सगळे जुने’ असलेल्या स्टेबलला त्याचा स्पर्शही झाला नव्हता.

आता तो ‘रिअली’. डेबियनची अद्ययावत करण्याची यंत्रणा फक्त पुढे जाते. नवा क्रमांक आधीच्यापेक्षा मोठा असेल तरच ती पॅकेज बदलते. लोकांच्या यंत्रांवर ५.६.१ बसलेली होती, परत न्यायचे होते ५.४.५वर. क्रमांक कमी करून पाठवला असता तर कुणाच्याच यंत्राने तो घेतला नसता. क्रमांकाच्या आधी एक आकडा आणि विसर्ग लावून सगळी गणतीच नव्याने सुरू करता येते, पण ते शेपूट पॅकेजला जन्मभर चिकटते. म्हणून ही रूढ तडजोड: क्रमांक चढता ठेवायचा आणि त्यातच सत्य सांगायचे. तेवढ्यानेही सगळ्यांचे समाधान झाले नाही. ५.४.५मध्येही जिया तानच्या हातच्या ओळी होत्याच, तेव्हा आणखी मागे जावे का, यावर वाद झाला. मूळ लेखक परत आला, त्याने कोड तपासून, साफ करून मेअखेरीस ५.६.२ जाहीर केली. जिया तान कोण होता, एक होता की अनेक, हे उघड झालेले नाही. डेबियनच्या सभासदाची ओळख समक्ष पटवली जाते, पण नदीच्या वरच्या अंगाला कोण उभे आहे ते पाहण्याची कसलीच व्यवस्था नाही.

आणि तिथे बहुतेक वेळा एकटाच, दमलेला माणूस उभा असतो. घाटावरही तेच. डेबियनमध्ये मेंटेनरने सोडलेल्या पॅकेजांची एक जाहीर यादी असते. त्या अवस्थेला म्हणतात ‘अनाथ’. तिच्याच आगेमागे ‘कुणी दत्तक घ्या’ आणि ‘मदत हवी’ अशाही नोंदी असतात. त्या वाचताना कारणे क्वचितच दिसतात. नोकरी बदलली असेल, मूल झाले असेल, रस संपला असेल. एक्सझेडला हेरणाऱ्याने कोडइतकाच हा थकवाही बारकाईने वाचला होता. तांत्रिक उपाय निघत आहेत. एकाच सोर्सपासून दोघांनी स्वतंत्रपणे बांधलेली पॅकेजे अक्षरशः एकसारखी यावीत, म्हणजे बांधताना काही मिसळले तर कळेल, यासाठी डेबियन कित्येक वर्षे खटपट करत आहे. पण एक्सझेडमध्ये विष सोर्सच्या गठ्ठ्यातच होते, तिथे त्याचा उपयोग झाला नसता. दमलेल्या माणसाच्या जागी बसायला ओळखीचे कुणीतरी तयार असणे, हा उपाय कोणत्याच पॅकेजात बांधून मिळत नाही.

त्या ठिगळाचे काय झाले? एप्रिल २०२४च्या पहिल्याच आठवड्यात डेबियनच्या ओपनएसएसएच पॅकेजातून ते ग्रंथालय सुटले. निरोप पोचवायला तेवढ्यापुरता छोटासा कोड पुरतो, असे ठरले. १ जुलैला ओपनएसएसएचची ९.८ ही आवृत्ती निघाली, तेव्हा ती सोय, कोणत्याही बाहेरच्या ग्रंथालयाशिवाय, मूळ लेखकांनीच आत घेतली होती. डेबियनच्या फोल्डरमध्ये त्या कामासाठी वेगळे ठिगळ ठेवण्याची गरज आता उरली नाही.